एका खर्चात दोन?

वाचकांचे प्रश्न : वंध्यत्वावरचे उपचार आणि जुळी-तिळी

प्रश्न, विट्याहून : वय ३१. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) पाचव्या दिवसाचे चार चांगले एम्ब्रियो (शरीराबाहेर वाढवलेले गर्भ) गोठवून ठेवलेत. डॉक्टर गर्भपिशवीत एकच सोडू म्हणतात. सासूबाई म्हणतात, दोन सोडा, जुळी झाली तर एका खर्चात दोन्ही बाळंतपणं उरकतील. कोणाचं ऐकू?

उत्तर : डॉक्टरांचं. दोन सोडले म्हणून मूल होण्याची शक्यता दुप्पट होत नाही. वाढतात ती जुळी. स्वीडनमध्ये ३६ वर्षांखालच्या ६६१ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना एकदम दोन एम्ब्रियो सोडले. बाकीच्यांना आधी एक, आणि त्यातून मूल झालं नाही तर नंतर गोठवलेला एक. मूल झालं ते पहिल्या गटात ४२.९ टक्के, दुसऱ्यात ३८.८ टक्के स्त्रियांना. फरक एवढाच. पण जुळ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३३.१ टक्के आणि दुसऱ्यात ०.८! तुमच्याकडे तर चार आहेत. पहिला रुजला नाही तर पुन्हा सुया नाहीत, बीजं काढायला भूल नाही. गर्भपिशवीचं अस्तर तयार करून दुसरा सोडायचा.

सासूबाईंचा हिशेब चुकतो तो पुढे. जुळ्यांची निम्म्याहून जास्त बाळंतपणं ३७ आठवडे भरायच्या आतच होतात. फार आधी झाली तर बाळांना काचेत ठेवावं लागतं, आणि खासगीत बिल रोज दोन काचेच्या पेट्यांचं लागतं. आईचं बीपी वाढण्याचा धोका दुपटी-तिपटीनं वाढतो. गर्भपिशवी जास्त ताणलेली असते, म्हणून वार पडल्यावर ती नीट आकसत नाही आणि रक्तस्राव आवरत नाही.

दोन सोडण्याचा विचार होतो तो वय चाळिशीकडे झुकलेलं असेल, एम्ब्रियो बेताचे असतील किंवा चांगले सोडूनही दोन-तीनदा अपयश आलं असेल तर. बीज दात्रीचं असेल तर मात्र वय दात्रीचं धरायचं. कायद्यानं ती २३ ते ३५ वर्षांचीच असते, तेव्हा पंचेचाळिशीतल्या बाईलाही एकच.

प्रश्न, पाटणहून : पीसीओडी (अंडं वेळेवर न फुटण्याचा अंडाशयाचा त्रास) आहे. आययूआयसाठी (वीर्य नळीनं गर्भपिशवीत सोडण्यासाठी) इंजेक्शनं घेतली. बाराव्या दिवशी चार फॉलिकल (अंड्याच्या पिशव्या) १७-१८ मिलिमीटरची दिसली, तर डॉक्टरांनी सायकलच (त्या महिन्याचा उपचार) रद्द केली. पैसे पाण्यात गेले. चार अंडी म्हणजे चांगलंच ना?

उत्तर : आयव्हीएफमध्ये चांगलं. तिथे बीजं बाहेर काढतात आणि किती एम्ब्रियो परत सोडायचे ते आपल्या हातात असतं. आययूआयमध्ये चारही फुटली तर किती रुजतील यावर कुणाचाच ताबा नाही. डॉक्टरांनी योग्य तेच केलं.

एक गोष्ट मात्र सांगायची बऱ्याचदा राहून जाते. अंडं फुटायचं इंजेक्शन दिलं नाही तरी अंडी आपोआप फुटू शकतात. म्हणून पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचे. हे छापून येईपर्यंत तुमची ती पाळी होऊन गेली असेल, तरी लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी आधी लेट्रोझोलबद्दल विचारा. पीसीओडीत सुरुवात बहुधा याच गोळीनं होते : २.५ मिलिग्रॅम, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. तिच्यावर जुळी शंभरात तीन-चार. इंजेक्शनच लागलं तर ५० ते ७५ युनिटनं सुरुवात करून किमान आठवडाभर तोच डोस. पीसीओडीत अंडाशय उशिरा जागा होतो आणि जागा झाला की एकदम. चौथ्या-पाचव्या दिवशी घाईनं डोस वाढवला की अशी चार-पाच फॉलिकल येतात.

प्रश्न, जतहून : आयव्हीएफनंतर जुळी राहिली आहेत, आठवा आठवडा चालू आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. रिपोर्टात ‘डायकोरिऑनिक’ लिहिलंय की ‘मोनोकोरिऑनिक’ ते बघा, म्हणजे वार दोन की एक. दोन बाळांमधला पडदा वारेला टेकतो तिथे त्रिकोणी टोक दिसलं तर वार दोन. इंग्रजी ‘टी’सारखा सरळ टेकला तर एक. दिवस पुढे गेले की हे ओळखणं अवघड होतं. वार एकच असेल तर शंभरात दहा-पंधरा जणींच्या बाबतीत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वळतं. म्हणून १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी. वार दोन असतील तर महिन्याला पुरते.

बीपीसाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन हवी का, हे बाराव्या आठवड्यालाच डॉक्टरांना विचारा.

बाळंतपणाची जागाही आत्ताच ठरवा. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटरसह, त्याच इमारतीत असावा. एका वेळी दोन बाळांची सोय होईल का, असंच स्पष्ट विचारा. जतहून सांगली-मिरज जवळ नाही. ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या, पाणी गेलं किंवा पोट सारखं कडक व्हायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा. बाळांच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यांचा पूर्ण गुण यायला साधारण चोवीस तास लागतात.

प्रश्न, कराडहून : तिळी आहेत. एक गर्भ कमी करा म्हणतात. मुलगा ठेवता येईल का?

उत्तर : नाही. लिंग तपासणं १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे. गर्भ कमी करतात तो साधारण ११ ते १४ आठवड्यांत, आणि त्यात सगळेच गर्भ जाण्याचा थोडा धोका असतो. आधी वार किती ते बघून घ्या. दोन बाळं एकाच वारेवर असतील तर त्यांतल्या एकाला गर्भ कमी करायचं नेहमीचं इंजेक्शन देता येत नाही; रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, औषध दुसऱ्यालाही पोहोचतं.