फोन हाताशी असताना रोजच्या आणि प्रवासातल्या फोटोंसाठी खिशात मावणारा कॅमेरा घ्यावा का, आणि कोणता?

घ्यावा, पण सेन्सर (प्रकाश टिपणारी आतली चकती) बघून. मेगापिक्सेलच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. निदान एक इंची सेन्सर हवा (नावाला एक इंच, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी). त्याहून लहान सेन्सरचा स्वस्त कॅमेरा घेण्यापेक्षा चांगला फोन बरा.

प्रवास जास्त असेल तर सोनी आरएक्स१०० मार्क ७. २४ ते २०० मिमी झूम (रुंद दृश्यापासून दूरचं जवळ आणण्यापर्यंत), वजन साधारण ३०० ग्रॅम. मात्र झूम केल्यावर लेन्सचं तोंड एफ/४.५ पर्यंत आकसतं, प्रकाश कमी आत येतो, त्यामुळे संध्याकाळी फोटोत ग्रेन (दाणेदारपणा) दिसू लागतो.

माझा स्वतःचा जीव रिको जीआर ३ वर आहे. झूम नाही, फ्लॅश नाही, फक्त २८ मिमी, म्हणजे रुंद दृश्य. पण सेन्सर एपीएस-सी, म्हणजे एक इंचीच्या तिप्पट क्षेत्रफळाचा. दादर स्टेशनच्या पुलावरून पहाटे फुलबाजार टिपताना झेंडूच्या ढिगातली पाकळी न् पाकळी सुटी दिसते, आणि शर्टाच्या खिशातून काढलेल्या एवढ्याशा कॅमेऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. बॅटरी मात्र लवकर संपते, जास्तीची एक ठेवाच.

घेण्याआधी मुंबईत फोर्टात, कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या बोरा बाजारला जाऊन हातात धरून बघा. जुना घेत असाल तर लेन्समधून टॉर्च मारा. आपल्या पावसाळी दमट हवेत आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. दिसली की सोडून द्या. नवा घेतलात तरी जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबतच ठेवा.