कुंपणाच्या खांबांना लावायचं क्रिओसोट त्याच नावाच्या झुडपापासून बनतं का? कोकणात ते कसं लावावं?

नाही, हे तेल दगडी कोळशाच्या डांबराचं ऊर्ध्वपातन करून मिळतं. क्रिओसोट बुश हे अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातलं झुडूप. त्याच्या पानांवरच्या राळेला, विशेषतः पाऊस पडला की, या तेलासारखा वास येतो, एवढाच संबंध.

लावायचं तर मार्च ते मे. साल पूर्ण सोला, खांब सावलीत खडखडीत वाळवा; ओल्या लाकडात तेल शिरतच नाही. खांब लागेल त्या मापाने आधीच कापा, नंतर कापलात तर आतलं कोरं लाकूड वाळवीला मोकळं होतं. ब्रशने तेल जेमतेम वरवर बसतं, म्हणून बुडखे काही दिवस पिंपात उभे भिजवा, जमिनीच्या रेषेच्या वर वीतभर तरी. खांब कुजतो तो त्या रेषेवरच, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. वरच्या टोकालाही तेल पाजा, पाऊस तिथूनच मुरतो.

मात्र घरात, विहिरीजवळ किंवा गुरं चाटतील अशा गोठ्याच्या खांबांना हे अजिबात लावू नका. त्यातले काही घटक कर्करोगकारक आहेत, आणि अंगावर उडून ऊन लागलं तर कातडी भाजते. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.