"बोभाटा होईल हो, मॅडम"

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की आईवडिलांच्या तोंडून पहिल्यांदा हेच येतं. "आम्ही घरातल्या घरात बघतो, पण पोलीस नकोत." इतक्यांदा ऐकलंय, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दहा वर्षांचा मुलगा. आईची तक्रार भलतीच होती: पोरगा पायजम्याच्या नाडीला चार-चार गाठी मारून झोपतो, सकाळी कात्रीने कापावी लागते. पहिल्या तीन भेटींत आम्ही नुसता कॅरम खेळलो. मी मुलांना खोदून विचारत नाही. मूल आधी आपला चेहरा वाचतं, मग बोलतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. चौथ्या वेळी सोंगट्या डब्यात भरता भरता तो बोलला. घरी शिकवायला येणारे काका, वडिलांचे मावसभाऊ.

वडील बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मुलगाच आहे, विसरेल. फक्त हे इथंच राहील असा शब्द द्या."

तो शब्द मला देता येत नव्हता. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो वा मुलगी. आणि कलम 19 प्रमाणे असा गुन्हा ज्याला कळला, त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. मीही त्यातच आले. हे सांगत होते तेवढ्यात बाहेर बसलेला मुलगा दार ढकलून आत आला. वडिलांनी त्याला जवळ ओढलं. "बाळा, आता हे कुणाला सांगायचं नाही हं."

तो शांतपणे म्हणाला, "काकापण असंच म्हणायचे."

खोलीत कुणी हललं नाही. आईने पदर तोंडाला लावला. वडिलांचा हात त्याच्या खांद्यावर होता, तो त्यांनी काढून घेतला आणि क्षणभराने पुन्हा ठेवला, या वेळी अलगद. इतकी वर्षं मी बोभाट्याच्या भीतीला नुसती लाज समजत आले होते. आपण मुलाच्या तोंडावर मायेने ठेवलेला हात त्याला कुणाच्या हातासारखा वाटतो, हे मला त्या पोराने शिकवलं. त्यानंतर मला वडिलांना काही समजवावं लागलं नाही. त्यांनीच विचारलं, "कुठं जायचं?"

बोभाट्याचं म्हणाल, तर मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा यातलं काहीही माध्यमांना देता येत नाही. जबाब घेता येतो घरीच किंवा मूल म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तेही साध्या कपड्यांत. यांच्याकडे आलेल्या उपनिरीक्षक बाई सलवार-कमीजमध्ये होत्या, सतरंजीवर बसून बोलल्या. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. सुनावणी बंद दालनात होते, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ देत नाहीत, आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. बालकल्याण समितीकडून सोबतीला साहाय्यक व्यक्ती मिळते. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून शक्यतो वर्षभरात खटला संपावा असं कायदा म्हणतो, पण तो लांबतो, हे मी कुणापासून लपवत नाही. यांचाही अजून चालू आहे. साक्षीच्या दिवशी वडील दाराबाहेर उभे होते. मुलगा बाहेर आला तो थेट त्यांच्याकडे गेला. "बाबा, मी मध्येच पाणी मागितलं, तर जज मॅडमनी सगळ्यांना थांबवलं!"