समुद्राकडून सुरुवात कर

अनेक आशीर्वाद.

पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामावर रुजू झालास आणि पहिलाच वॉर्ड मुंबईतल्या सखल भागाचा मिळाला, हे कळलं. टेबलावर आतापर्यंत तक्रारींचा गठ्ठा आलाच असेल. प्रत्येक तक्रारीत एकच वाक्य असतं: अमुक चौकात पाणी तुंबतं. नवा माणूस मग थेट त्या चौकात जातो, जाळ्या उघडायला लावतो, चेंबर साफ करून घेतो आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथेच उभं राहतं. पाणी साचलं यावरून ती जागा सखल आहे एवढंच कळतं. अडथळा बहुतेक वेळा तिथून खाली, पातमुखाच्या, म्हणजे नाला समुद्रात किंवा खाडीत उघडतो त्या तोंडाच्या बाजूला असतो. म्हणून पहिली फेरी समुद्राकडून किंवा खाडीकडून सुरू कर आणि पाण्याच्या उलट दिशेने वर चालत ये.

मुंबईत एकूण 186 पातमुखं मोजली जातात. त्यांतली 45 सरासरी समुद्रसपाटीच्याही खाली आहेत, 135 तिच्यावर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्याही वर असलेली जेमतेम 6. म्हणजे मोठ्या भरतीला जवळपास सगळ्या शहराचं दार बाहेरून बंद होतं. तुझ्या वॉर्डाचं पाणी कोणत्या पातमुखांतून जातं, प्रत्येकाच्या तळाची पातळी किती आणि ते भरतीच्या किती पातळीला बंद पडतं, हे एका कागदावर लिहून काढ. इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. डेटम म्हणजे उंची मोजायला धरलेलं शून्य. आपल्या जुन्या नकाशांवरच्या पातळ्या टाउन हॉल डेटमवर असतात, भरतीच्या वेळापत्रकातल्या पातळ्या चार्ट डेटमवर असतात आणि सल्लागाराच्या अहवालात सरासरी समुद्रसपाटी धरलेली असते. तिन्हींचं शून्य वेगळं. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या साधारण अडीच मीटर वर येते, त्यामुळे वेळापत्रकातली 4.5 मीटरची भरती समुद्रसपाटीच्या दोनच मीटर वर असते. सगळं एका शून्यावर आणल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नकोस.

पातमुखाला भरतीचं पाणी आत येऊ न देणारी झडप असेल तर ती एप्रिल-मे महिन्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला, कोरड्या दिवशी तपास. भरती चढत असताना झडपेच्या आतल्या बाजूच्या पहिल्या चेंबरमध्ये फूटपट्टी लावून बस. पाऊस नाही, तरी समुद्राबरोबर आतली पातळी चढत असेल तर झडप गळतेय. त्याच दिवशी ओहोटीला खाली जाऊन पाहा: बिजागरी गंजून अडकली आहे का, रबरी सील फाटलंय का, कडेला कालवं चिकटून पट्टी टेकत नाही का. पुष्कळदा एखादी बाटली किंवा लाकडाचा ओंडका कडेत अडकलेला असतो आणि तेवढ्याने झडप बोटभर उघडी राहते. बोटभर फट भरतीच्या चार तासांत नाल्याची सगळी साठवण खाऊन टाकते, आणि पाऊस आला की त्याला आत जागाच उरत नाही.

आता क्षमतेचं बोलू, कारण लोक तुला विचारणार आणि तुला आकड्यात उत्तर देता आलं पाहिजे. शहराची जुनी व्यवस्था तासाला 25 मिमी पाऊस आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल, या हिशेबावर बांधलेली होती. मुंबईच्या पर्जन्य जलनिस्सारणावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तो हिशेब तासाला 50 मिमी आणि सगळं पाणी वाहून येईल, असा बदलला. दहा हेक्टरचा भाग धर. जुन्या हिशेबाने तिथून तासाला 1250 घनमीटर पाणी येतं, नव्याने 5000. चौपट. तुझ्या वॉर्डात ज्या नाल्याचं रुंदीकरण झालेलं नाही तो अजून जुन्या हिशेबावरच चालतोय, आणि तो कितीही स्वच्छ ठेवलास तरी मोठ्या सरीला कमीच पडणार. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. त्या दिवसासाठी कोणताच नाला बांधलेला नाही. पण वर्षातून पाच-सहा वेळा जे तुंबतं ते बहुतेक वेळा अशा दिवसांचं नसतं, आणि तिथे देखभालीने फरक पडतो.

किती पडतो ते बघ. 1.2 मीटर रुंद आणि पाणी 1.2 मीटर उंचीपर्यंत वाहील असा बॉक्स ड्रेन, म्हणजे चौकोनी बंदिस्त नाला घे. तळाशी 30 सेंटीमीटर गाळ साचला तर पाण्याची जागा पाव भागाने कमी होते, पण वहनक्षमता जवळपास 30 टक्क्यांनी घटते, कारण उरलेल्या पाण्याला भिंती आणि तळाचं घर्षण प्रमाणाबाहेर लागतं. गाळाचा खडबडीतपणा यात धरलेलाच नाही.

याच नाल्याच्या 100 मीटरमध्ये 36 घनमीटर गाळ असतो. ओल्या गाळाचा घनमीटर साधारण दीड टन धरला तर 54 टन. हा आकडा हाताशी ठेव. काट्यावरच्या पावत्या, डंपरच्या फेऱ्या, व्हिडिओ हे सगळं लागतंच, पण त्यातून गाडीत किती भरलं ते कळतं, नाल्यात किती उरलं ते कळत नाही. नालेसफाईच्या आधी आणि नंतर दर 30 मीटरवर सळई टाकून खोली मोज, दोन्ही मोजमापांतल्या फरकाला नाल्याच्या रुंदीने आणि लांबीने गुण, टनात आण आणि मग वजनाच्या पावत्यांशी ताडून बघ. दीडपट तफावत आली तर गाडीत बांधकामाचा राडारोडा भरला गेलाय किंवा पाणी निथळू न देता गाळ तोललाय. मोजताना चेंबरच्या मध्यावर सळई टाकू नकोस. पुष्कळ चेंबरचा तळ पाइपच्या तळापेक्षा खोल असतो, तिथला गाळ मुद्दाम धरलेला असतो. पाइपच्या तोंडाशी मोज: झाकणाच्या कडेपासून गाळाच्या वरच्या थरापर्यंत एकदा, मग सळई दाबून कठीण लागेपर्यंत दुसऱ्यांदा. आणि ते कठीण म्हणजे खरा तळ आहे की घट्ट झालेला सिमेंटचा थर, हे नकाशावरच्या पातळीशी जुळवून ठरव.

गाळ वाचायला शीक. बाहेर काढलेला ढीग उचलून न्यायच्या आधी पाच मिनिटं त्याच्याजवळ उभा राहा. काळा, बुळबुळीत, कुजका वास येणारा असेल तर वर कुठेतरी मलवाहिनी पर्जन्य जलवाहिनीत सोडलेली आहे. राखाडी, वाळल्यावर खापरीसारखा तुटणारा गाळ म्हणजे एखाद्या बांधकामावरचं मिक्सर धुतलेलं पाणी; याच्याकडे दुर्लक्ष झालं तर महिन्याभरात तो तळाला दगडासारखा बसतो आणि मग ब्रेकर लावावा लागतो. लाल मुरूम किंवा स्वच्छ वाळू निघत असेल आणि जवळपास खोदकाम नसेल तर मात्र सावध हो. पाइपचा सांधा सुटलाय किंवा जुन्या विटांच्या कमानीतला चुना गेलाय, आणि रस्त्याखालची माती आत येतेय. दक्षिण मुंबईतल्या कित्येक कमानी शंभर वर्षांहून जुन्या आहेत. अशा ठिकाणी वर रस्त्यावर नीट बघितलंस तर बशीसारखा हलका खोलगटपणा दिसेल. तो दिसला की ती जागा लगेच कठड्याने बंद कर आणि कॅमेरा आत घाल. कॅमेऱ्याआधी लाइनची तोंडं बुजवून (प्लग), दाबाच्या पाण्याने धुऊन (जेटिंग) कोरडी करून घे, नाहीतर पाण्याखालचा अर्धा पाइप दिसतच नाही आणि अहवालात "स्थिती समाधानकारक" असं येतं.

मे महिन्यात भरतीचं पाणी पोचत नाही अशा पाइपमधून पाणी वाहत असेल तर त्याचाही माग काढ. पहाटे तीन-चारला बघ. लोक झोपलेले असताना प्रवाह खूप घटला तर सांडपाणी, तसाच राहिला तर बहुधा पिण्याच्या पाण्याची गळती. क्लोरीनची पट्टी बुडवून रंग आला तर गळती पक्की. रंग आला नाही म्हणून मात्र गळती नाही असं समजू नकोस, कारण घाण पाण्यात मिसळला की क्लोरीन संपतो.

रस्त्यावरच्या वॉटर एन्ट्रन्सचं, म्हणजे पाणी नाल्यात घेणाऱ्या जाळ्यांचं काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच निम्मी लढाई असते. खालचा नाला रिकामा आणि वर गुडघाभर पाणी, हे दृश्य तुला नक्की दिसेल. रस्त्यावर नवा थर पडला की जाळी खड्ड्यात जाते किंवा डांबराने तिची भोकं बुजतात. काँक्रीटच्या रस्त्यात जाळी कधी कधी उताराच्या चुकीच्या बाजूला येते. काम संपल्यावर टँकर लावून रस्त्यावर पाणी ओत आणि ते कुठे जातं ते स्वतः बघ. कंत्राटदाराचं बिल त्याआधी पुढे पाठवू नकोस.

रेल्वेखालच्या कल्व्हर्टचं, म्हणजे रुळांखालून जाणाऱ्या नाल्याच्या मोरीचं पत्र जानेवारीतच टाक. तिथे हद्द दोन यंत्रणांची, काम करायला गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो, आणि मे अखेरीस धावपळ केलीस तर कल्व्हर्टच्या दोन्ही बाजू साफ आणि मधला भाग भरलेला, अशी गंमत होते. नाल्यातून आडव्या गेलेल्या केबल आणि पाण्याच्या वाहिन्यांचीही यादी ठेव. दहा इंची पाइप आडवा असला की पहिल्याच पावसात त्याच्यावर पिशव्या, चिंध्या, झावळ्या यांचा बांध तयार होतो.

आता माणसांबद्दल, आणि हे नीट ऐक. कोणालाही मॅनहोलमध्ये उतरवून सफाई करून घ्यायची नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय धोकादायक सफाईला बंदी आहे, आणि यंत्राने होणारं काम यंत्रानेच करायचं. "ही पावसाच्या पाण्याची लाइन आहे, यात गॅस कुठला" असं मुकादम म्हणेल. आपल्या या लाइनमध्ये सांडपाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे गॅस असतोच. तपासणीसाठी कोणाला आत जावंच लागलं तर आगेमागची झाकणं किमान तासभर उघडी ठेव आणि चार वायूंचा डिटेक्टर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन मोजमापं घे. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) वर किंवा ज्वालाग्राही वायू स्फोटमर्यादेच्या 10 टक्क्यांवर असेल तर कोणीही उतरायचं नाही. वासावर विसंबू नकोस. हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. हार्नेस आणि वर तिकाटणं, म्हणजे आतल्या माणसाला कोणी न उतरता ओढून काढता यावं. अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला धावलेला दुसराही जातो.

पावसाच्या रात्री मॅनहोलचं झाकण उघडू देऊ नकोस. रहिवासी पाणी लवकर ओसरावं म्हणून उघडतात. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून शहरातल्या एका डॉक्टरांचा जीव गेला. त्यानंतर झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवायला लागले. तुझ्या वॉर्डातल्या प्रत्येक तुंबणाऱ्या ठिकाणची जाळी जागेवर आहे का ते पावसाळ्याआधी झाकण उचलून बघ. भंगारात जाळ्यांना भाव येतो.

पंपांबद्दल थोडक्यात. तासाला 1000 घनमीटरचा पंप लावला तर मघाच्या दहा हेक्टरला असे पाच लागतील, तेही पाणी पंपापर्यंत पोचलं तर. पंप बसवताना बाहेर फेकलेलं पाणी त्याच लाइनमध्ये वरच्या बाजूला तर जात नाही ना, हे बघ. हा मूर्खपणा नेहमी होतो. गाळणीभोवती पिशव्या अडकतात म्हणून एक माणूस तिथेच हवा. मे महिन्यात पंप पाण्यावर तासभर चालवून बघ, नुसता स्टार्टर मारून "चालू" असा शेरा लिहू नकोस. उदंचन केंद्रात, म्हणजे पाणी उपसणाऱ्या पंपिंग स्टेशनात, कचरा अडवणाऱ्या गजांच्या दोन्ही बाजूंची पातळी मोजत राहा. फरक वाढत चालला तर पंप नादुरुस्त नाही, जाळी भरलीय.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक तुंबलेल्या जागेची वेगळी नोंद हवी: पाणी साचायला लागलं ती वेळ, ओसरलं ती वेळ, भिंतीवरच्या खुणेवर किती सेंटीमीटर, जवळच्या पर्जन्यमापकावर दर 15 मिनिटांचा पाऊस, आणि त्या वेळी भरती किती. दिवसाची एकूण बेरीज इथे उपयोगाची नाही. 200 मिमी दिवसभर रिपरिप पडला तर रस्ते कोरडे राहू शकतात, आणि 15 मिनिटांत 30 मिमी पडला तर तो तासाला 120 मिमीचा मारा असतो. नोंदी जमल्या की बघ. पाऊस ताशी 50 मिमीच्या खाली, ओहोटी, तरी तुंबलं, तर तिथे अडथळा किंवा न वाढवलेला जुना नाला आहे. पाऊस कमी पण भरती मोठी, तर झडप किंवा पातमुख. पाऊसच जास्त असेल आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरलं, तर तिथल्या देखभालीला दोष देऊ नकोस, क्षमतेच्या यादीत घाल. पाऊस थांबून तीन तास झाले आणि भरतीही उतरली, तरी पाणी हलत नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच खाली चालायला लाग.

जुलै अखेरपर्यंतच्या नोंदी झाल्या की पानांचे फोटो पाठव, आणि त्याबरोबर पातमुखांच्या पातळ्यांचा तो कागदही. कोणत्या डेटमवर आहे ते वरच्या कोपऱ्यात लिही.

तुझा,
एक जुना सहकारी