रॉकेट बनवायचंय? मग मेकॅनिकलला जाऊ दे

प्रश्न : पलूसजवळ माझं छोटं लेथ वर्कशॉप आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. तिला छोटी रॉकेटं बनवणाऱ्या खासगी कंपनीत जायचंय आणि त्यासाठी एरोस्पेसच पाहिजे म्हणते. इस्रोचं ठीक आहे, पण या कंपन्यांचा भरवसा काय? एकाने सव्वा लाखाचा ऑनलाइन ‘रॉकेट सायन्स’ कोर्सही सुचवलाय. पैसे भरू का?

उत्तर : नमस्कार. कोर्सचं आधी सांगतो, भरू नका. तेवढ्या पैशात तिची इंजिनिअरिंगची पुस्तकं, प्रोजेक्ट आणि चांगला लॅपटॉप होऊन वर उरतील.

आता रॉकेटांचं. तुमच्या भागात ऊस तयार असतो, पण तोड येत नाही आणि रानात उभ्या उसाचं वजन घटत जातं. छोट्या उपग्रहांची तीच अडचण आहे, तयार असले तरी मोठ्या रॉकेटात जागा मिळेपर्यंत थांबायचं. 15 फेब्रुवारी 2017 ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने एकाच वेळी 104 उपग्रह नेले, पण कक्षा ठरली ती मुख्य उपग्रहाची, कार्टोसॅटची. बाकीच्यांनी मिळेल तिथे उतरायचं. किलोमागे खर्च पाहिला तर असा एकत्र प्रवासच स्वस्त पडतो. म्हणून छोट्या रॉकेटाचं गिऱ्हाईक वेगळं असतं. कुणाला ताफ्यातल्या बंद पडलेल्या उपग्रहाच्या जागी दुसरा लगेच हवा असतो, संरक्षण दलांना घाईने पाठवायचं असतं, कुणाला ठरावीक कक्षाच लागते.

जसं गिऱ्हाईक, तसं रॉकेट. इस्रोचं छोटं रॉकेट एसएसएलव्ही 34 मीटर उंच आहे आणि 500 किलो नेतं. त्याचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे, म्हणजे झटपट उभं करता येणारे. चेन्नईच्या अग्निकुलने रचनाच अशी ठेवली आहे की उपग्रहाच्या वजनाप्रमाणे पहिल्या टप्प्यातली इंजिनं कमी-जास्त करता यावीत. मे 2024 मध्ये त्यांनी एकसंध थ्रीडी प्रिंट केलेलं इंजिन प्रत्यक्ष उडवून दाखवलं. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर 2022 मध्ये विक्रम-एस हे रॉकेट 89.5 किलोमीटर उंचीपर्यंत नेलं.

भरवशाचा प्रश्न तुम्ही रास्त विचारलात. अमेरिकेतली व्हर्जिन ऑर्बिट विमानाखालून रॉकेट सोडायची, काही वेळा यशस्वीही झाली, पण 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडेही सगळ्याच कंपन्या टिकतील असं मला वाटत नाही. पण कंपनी बुडाली तरी शिकलेलं काम हातात राहतं. शिवाय हे क्षेत्र दोन-तीन स्टार्टअपपुरतं नाही. एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान घेण्याची बोली 2025 मध्ये विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीने 511 कोटींना जिंकली. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला छोट्या रॉकेटांसाठी नवा तळ होतोय. तिथून श्रीलंकेला वळसा न घालता सरळ दक्षिणेला उडता येईल आणि वळशात जाणारं इंधन वाचेल. रॉकेट मोटरची आवरणं तर आपल्या वालचंदनगरमध्येच बनतात.

आता शाखा. माझं स्पष्ट मत, मेकॅनिकल. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. 7 ऑगस्ट 2022 ला एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण झालं. तिन्ही टप्पे नीट जळले. पण दुसरा टप्पा सुटताना काही क्षण कंपनं झाली, वेगातला बदल मोजणारे सेन्सर त्यात भांबावले, आणि संगणकाने सेन्सरच बिघडले असं समजून पुढचा निर्णय घेतला. 356 किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी कक्षेचं एक टोक 76 किलोमीटरवर आलं. तिथे वातावरण लागतं, उपग्रह गेले. इस्रोने टप्पा सुटण्याची यंत्रणा आणि सेन्सरचं लॉजिक बदललं, आणि फेब्रुवारी 2023 चं उड्डाण यशस्वी झालं.

कंपनं, धातू, वेल्डिंग, उष्णता हा सगळा मेकॅनिकलचाच अभ्यास. इस्रोच्या भरतीतही मेकॅनिकल ही मुख्य शाखा आहे, आणि पदवीला किमान 65 टक्के लागतात, हे पहिल्या सेमिस्टरपासून लक्षात ठेवायचं. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत, म्हणजे अंतराळ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेत, जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश मिळतो. तिथे नंबर लागला तर मात्र तिचं ऐका, एरोस्पेस घेऊ द्या. नाही लागला तर चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल, कॉलेजची रॉकेट टीम आणि पुढे एम.टेक.ला एरोस्पेस. खासगी अंतराळ कंपन्यांचं काम पाहणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या मॉडेल रॉकेट्री आणि कॅनसॅट (डब्याएवढा नमुना उपग्रह) स्पर्धांवरही तिने लक्ष ठेवावं.

कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर रोज दोन तास तिला वर्कशॉपमध्ये घ्या. लांब, बारीक जॉब लावा आणि मुद्दाम टेलस्टॉकचा आधार न देता हलका कट घ्यायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा. जॉब थरथरेल, आवाज बदलेल, पृष्ठभागावर लाटा उमटतील. मशीन बंद झाल्यावर त्या तिला बोटाने चाचपू द्या, आणि हे का झालं ते वहीत तिच्या शब्दांत लिहून घ्या. ती वही मला पाठवा, मी वाचून उत्तर देईन.