तीन पिंपं आणि एक घोडा

प्रश्न : माझी नात मोबाईलवर अमेरिकेतला रोडिओ, म्हणजे तिकडच्या गुराख्यांच्या कसबाचे खेळ, बघत बसते. बायका पिंपांभोवती घोडा फिरवतात, एवढंच? – एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : आजोबा, ‘एवढंच’ म्हणू नका हो! त्रिकोणात मांडलेल्या तीन पिंपांना वळसे घालून सुसाट परतायचं. पिंप पडलं की ५ सेकंद दंड, आणि निकाल लागतो सेकंदाच्या शतांशावर. म्हणजे खेळ खल्लास. शार्मेन जेम्स ही बाई १९८४ ते १९९३ सलग विश्वविजेती. १९८५च्या अंतिम स्पर्धेत तिच्या स्कँपर घोड्याचा लगाम डोक्यावरून सुटला, तरी पठ्ठ्यानं ती फेरी जिंकली! (आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत असं झालं असतं तर शिट्ट्यांनी मैदान दणाणलं असतं.)

आणि पिंपांवरच भागत नाही. बायका वासरावर फासही टाकतात. दोर खोगिराला बारीक दोऱ्यानं बांधलेला असतो. वासरू पळालं की दोरा तुटतो, घड्याळ थांबतं.

हे आयतं मिळालेलं नाही. १९४८ साली टेक्सासमध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली, तेव्हा कुठे नियम आणि बक्षिसं जाग्यावर आली.

पुढच्या वेळी नातीशेजारी बसा आणि घोडा पहिल्या पिंपाशी कसा वळतो, तेवढं बघा.