आमच्या भागाचा इतिहास जपायचा आहे, सुरुवात कशापासून करावी?

सुरुवात सगळ्यात वयस्कर माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करण्यापासून करा. इमारती आणि कागद थोडे थांबू शकतात, माणसं थांबत नाहीत. युनेस्कोच्या 2003 च्या करारातही मौखिक परंपरेला अमूर्त वारसा, म्हणजे वस्तू-वास्तूंच्या रूपात नसलेला वारसा, मानलं आहे. जाताना जुना ग्रुप फोटो न्या. ‘तुमच्या वेळचं सांगा’ म्हटलं की माणूस अडखळतो, पण फोटो हातात दिला की बोट आपोआप एकेका चेहऱ्यावर फिरतं आणि नावं, नाती, भांडणं सगळं बाहेर येतं. ती नावं त्याच दिवशी फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. पेनची शाई फोटोच्या पुढच्या बाजूला उमटते. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका! उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक मूळ फोटो खराब केल्याशिवाय निघत नाही. त्यापेक्षा 600 डीपीआयवर (म्हणजे एका इंचात 600 ठिपके, इतक्या बारकाईने) स्कॅन करून प्रती दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

मात्र आठवणीतली सालं हमखास इकडेतिकडे होतात, त्यामुळे जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे कागद किंवा त्या काळची वर्तमानपत्रं यांच्याशी पडताळल्याशिवाय छापू नका. सांगणाऱ्याची परवानगीही आधीच घ्या.